शंभर रुपयांची कपात

फाटकावर पूल आधी मधोमध उभा राहिला.
रेल्वेने आपला तुकडा बांधला, रंगवला, निघून गेली.
ना चढ, ना उतार.
रुळांवर टांगलेला साठ मीटर रस्ता,
त्यावरून सहा वर्षं फक्त कबुतरं गेली.

हडपसरचे लोक विचारायचे, ताई, हा तुमचाच ना?
मी म्हणायचे, मधला दिल्लीचा,
कडेचे दोन मुंबईचे,
खालची जमीन महापालिकेची.
जमिनीवरचं रसवंतीगृह कुणाचं, ते मला विचारू नका.

अर्थसंकल्प वाचायला मी उशिराच शिकले.
पहिल्या वर्षी भाषण ऐकलं, बाक वाजवला.
दुसऱ्या वर्षी पुस्तक उघडून
बोट फिरवत लेखाशीर्ष शोधलं:
आकडे हजारांत,
आणि आमच्या पुलासमोर नुसता १.
लाक्षणिक तरतूद, सचिव म्हणाले.
म्हणजे पाट मांडलाय, ताट नाही.

दिल्ली म्हणे, तुमचा हिस्सा दाखवा, मग आमचा पुढचा हप्ता.
मुंबई म्हणे, त्यांचा हप्ता येऊ दे, मग आमचा हिस्सा.
दोन्हीकडचे वऱ्हाडी "आधी तुम्ही बसा" म्हणत राहिले,
आणि आमटी गार झाली.

आणि आमचंच सरकार. मी ओरडणार कुणावर?

तुळशीराम लोणकर समोरच्या बाकावरचे.
नदीपलीकडचा मतदारसंघ, घसा मोठा,
माझ्यावर तीन जाहीर सभांत बोललेले, एकदा फार वाईट.
एका संध्याकाळी फाटक पडलं.
मालगाडी, मग डेमू, मग पुन्हा मालगाडी.
शेजारच्या गाडीची काच खाली आली.
बावीस मिनिटं.
पहिली दहा आम्ही उन्हाळ्यावर बोललो.
मग मी मागच्या सीटवरची फाईल उचलली
आणि खिडकीतून खिडकीत दिली.

अधिवेशनात रात्री फोन आला.
"उद्या तुमच्या पुलाचे शंभर रुपये कापतोय.
विरोधात ओरडा, पण जरा हळू."

कपात सूचना ही तशी गमतीची गोष्ट:
मागणीतून शंभर कमी करा म्हणायचं,
म्हणजे कोटींबद्दल बोलता येतं.
लोणकर बोलले. फाटक दिवसाला किती तास बंद,
ससूनला निघालेल्या किती गाड्या अडल्या,
प्रमाणपत्र कुठल्या टेबलावर, किती तारखेपासून.
दोनदा अडखळले. माझं अक्षर वाईट.
मंत्री उठले, चिडले, आश्वासन देऊन बसले. नोंद झाली.
मतदानात मी 'नाही' म्हटलं. हळू.
शंभर रुपये बहुमताने वाचले.
डिसेंबरच्या पुरवणी मागण्यांत अकरा कोटी आले.

पक्षाने बोलावलं.
आकडे त्यांच्याकडे गेले कसे?
म्हटलं, फाटक बंद होतं.

कोनशिलेवर दोघांचीही नावं नाहीत.
एवढ्यावरच आमचं लगेच एकमत झालं होतं.

आता चाळीस सेकंदांत पलीकडे.
खाली फाटकाची केबिन, कुलूप, कण्हेर.
ते तिकडून येतात, मी इकडून जाते,
काचा वर, एसी चालू,
चालकांना मागून हॉर्नची घाई.

यंदाच्या पुस्तकात कालव्याकडच्या जलवाहिनीसमोर
पुन्हा एक १ आलाय.
लोणकरांच्या कानावर घालायला हवं.
फाईल मागच्या सीटवर आहे.
पुलावर थांबायला मनाई आहे.