टोपी

मार्चचा दुसरा आठवडा. फ्रीसलंडमध्ये
याला वसंत म्हणायचं ते केवळ भिडेखातर.
चरांवर सायीइतका पातळ बर्फ,
गवताला मेंढीच्या ओल्या लोकरीचा वास,
आणि समुद्राचा बांध ओलांडून आलेला वारा
कानात बोट घालून विचारतो, टोपी कुठेय?

आउकेच्या डोक्यावर आहे. माझी घरी राहिली.

आउके अठ्ठ्याहत्तरचा. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू,
उजव्यात, तो म्हणतो, अजून एक हंगाम बाकी.
दुर्बीण माझ्या गळ्यात. तो नुसता उभा राहतो
कुरणाकडे कान करून,
दाराशी कोण आलंय ते पावलांवरून ओळखावं तसा.
'चंडोल.' मला ठिपकाही दिसत नाही.
'टिलवे. दोन. दाउवेच्या फाटकापाशी.
पाणटिवळे अजून नाहीत. गेल्या वर्षी आजपर्यंत आले होते.'
मी वहीत लिहिते: चंडोल एक, टिलवे दोन,
आणि पाणटिवळ्यांसमोर शून्य,
पेन्सिल जरा हलकी धरून,
खोडता यावं म्हणून.

मग टिटव्या.
पाय वर करून आभाळ तोलणारी ती टिटवी नव्हे ही.
हिला शेंडी, पाठीवर शेवाळी चमक,
आणि नर तर आभाळातून सरळ सांडतो,
गोधडी झटकावी तसे पंख झटकत,
जमीन हातभर उरली की मन बदलतो.
'प्यायल्यासारखा उडतोय,' मी म्हणते.
'त्याच्याकडे बघायचं नाही,' आउके म्हणतो.
'तो आपल्याला बघायला लावतोय.
ती बघ. चालत निघालीय, मान खाली घालून,
उधारी न देता दुकानातून सटकावं तशी.
जिथून निघाली ते लक्षात ठेव.'

पूर्वी तो अंडी वेचायचा. सगळेच वेचायचे.
वडिलांनी शिकवलेलं: पहिलं अंडं सापडलं की
टोपीखाली ठेवायचं, आणि सायकल हळू चालवायची.
एकोणीसशे एकोणसत्तर साली गावातलं पहिलं अंडं त्याचं.
वर्तमानपत्रात फोटो, बेकरीवाल्या सिब्रिखनं केक फुकट दिला.
अंड्याचं पुढे काय झालं ते आठवत नाही.
आता हात लावायचा नाही. कायदा आहे,
आणि टिटव्याही मोजक्याच. तेच डोळे, तीच चाल,
फक्त काखेत बांबूच्या काठ्या:
घरट्यापासून चार पावलांवर दोन रोवायच्या,
म्हणजे दाउवेचा ट्रॅक्टर वळसा घालेल.
अगदी जवळ नाही. कावळेही वाचायला शिकलेत.

चर आला. दरवर्षी लांब काठी टेकून
तो एका झोक्यात पलीकडे जायचा.
आज काठी माझ्या हातात दिली, काही न बोलता.
मी उडी मारली. एक बूट पाण्यात. तो हसला नाही,
म्हणजे फारच हसू आलं असणार.

'डावीकडे. अजून. त्या पिवळ्या झुपक्याशी थांब.
आता पायाशी बघ.'
काही नाही. शेण, चिखल, गेल्या वर्षीचं गवत.
'बघ,' पलीकडून.
काही नाही.
मग चिखलाच्याच एका तुकड्याला गोलाई आली.

एकच. बुटाच्या टोकापासून वीतभर.
मी वाकले, न शिवता तळहात वर धरला.
'ऊब लागत नाही,' मी ओरडले. 'मेलंय का?'
'नाही गं. चार होईपर्यंत ती बसत नाही.
सगळी एकदम फुटली पाहिजेत ना.
ते वाट बघतंय.'

काठ्या रोवल्या. वर टिटवी किंचाळत होती,
माझ्या उघड्या डोक्यावरून इतकी खाली
की पंखांचा वारा केसांत शिरला.
मागे पाहिलं. चराच्या पलीकडे आउकेनं
टोपी काढून हातात घेतली होती, उलटी,
वाटीसारखी,
आणि तिच्यात बघत होता.
भुरभुर सुरू झाली तेव्हा कुठे घातली.

वहीत मी लिहिलं: अंडं एक. दाउवेचं खालचं कुरण.
'शोधलं कोणी' या रकान्यात
त्याचं नाव. तो म्हणाला, तुझंही लिही,
बूट तुझा भिजलाय.