पान दोनशे दहा

निकुंभबाईंनी काउंटरवरून पुस्तक सरकवलं,
म्हणाल्या, "रुमाल जवळ ठेवा, बोरस्तेकाका."
मी ठेवला.
इस्त्रीचा, घडी न मोडलेला.

मुखपृष्ठावर वाफाळता कप, खिडकी,
खिडकीत मांजर.
तेव्हाच कळायला हवं होतं.

पुण्यातली नोकरी सोडून ती येते डोंगरातल्या गावी,
मावशीची बंद पडलेली बेकरी उघडते.
शेजारी म्हातारा, कुणाशी न बोलणारा.
चाळिसाव्या पानावर तो खोकला
आणि मी समासात पेन्सिलीनं लिहिलं : २१०.
(वाचनालयाच्या पुस्तकावर लिहू नये, ठाऊक आहे.
बारीक लिहिलं.)
लंगडा कुत्रा आला. लिहिलं : हा वाचेल.
म्हाताऱ्याच्या खाटेखाली गंजका पत्र्याचा डबा.
लिहिलं : न पाठवलेली पत्रं.
मग फटकळ डॉक्टर आला, मोटारसायकलवर, चिंब भिजून.
तिथं काही लिहिलंच नाही.

एकतीस वर्षं मी नोटांच्या छापखान्यात ताव तपासले.
उतरलेली शाई, सरकलेला आकडा,
कोपऱ्यात केसाएवढी रेघ,
बोट आपोआप थांबायचं.
बिनचूक ताव डोळ्यांत राहत नाही,
नुसता पुढं जातो.

हे पुस्तक तसं.
प्रत्येक प्रकरणाला गरम पावाचा वास,
प्रकरण संपताना कुणाचा तरी हात
कुणाच्या तरी खांद्यावर.
म्हातारा गेला दोनशे सातव्या पानावर.
तीन पानांनी चुकलो,
तेवढाच काय तो आनंद.

आणि खोटं कशाला बोलू,
मला रडायचं होतं.
आमच्या दादाशी सोळा वर्षं बोलणं नाही.
तो मखमलाबादला, मी जेलरोडला,
मधे एक नदी आणि एक सातबारा.
वाटलं होतं, त्या पत्र्याच्या डब्यापाशी पोचेन
तेव्हा आत काहीतरी हलेल.
पण मी पोचायच्या आधीच
पुस्तक रडून मोकळं झालं होतं.
माझ्यासाठी थेंब ठेवला नव्हता.

परत केलं.
"कसं वाटलं?"
"छान," म्हणालो.
बाईंचे डोळे तेवढ्यानंही ओले झाले,
आणि मला आठवलं,
पेन्सिलीच्या खुणा खोडायच्या राहिल्या.

शालिमारहून नाशिकरोडची बस.
सुटे शोधता शोधता शेजारच्या बाईनं
पिशवी माझ्या मांडीवर ठेवली, "धरा हो जरा."
बोधलेनगरला गर्दी उतरली, त्यात तीही.
पिशवी राहिली.

आत मेथीची जुडी
आणि चप्पल. एकच. डाव्या पायाची.
अंगठा नवा शिवलेला,
दोऱ्याच्या मेणाचा वास अजून ताजा.

त्या पुस्तकात हे घडलं असतं
तर मी बोधलेनगरात दारोदार हिंडलो असतो,
तिसऱ्याच दारी कुणी एका पायावर उभं असतं
आणि आतल्या खोलीतून
दादाचा आवाज आला असता.

तसं काही झालं नाही.
तीन दिवस त्याच वेळेला, त्याच बसनं गेलो.
कंडक्टर म्हणाला, डेपोत जमा करा.
केली नाही.
मेथी पिवळी पडायला लागली तेव्हा निवडली,
लसूण जरा जास्त घालून खाल्ली.
परक्याची भाजी, कडूच लागली.

चप्पल खिडकीत आहे.
मांजर नाही आमच्याकडे.

रात्री दिवा घालवण्याआधी तिच्याकडं बघतो.
उजवी कुठं असेल,
कुणाच्या दाराशी,
की जोडी मोडली म्हणून फेकूनही दिली असेल.
पेन्सिल हातात घेतो.
आकडा सुचत नाही.