पॉइंट नऊ आठ

कुपवाडला, हळदीच्या मिलमागच्या खोलीत
पॅनेलचं दार उघडलं
तर कॉन्टॅक्टरवरसुद्धा पिवळी पूड.
आदगोंडा मगदूम बिल पुढं सरकवतात :
"मॅडम, एवढी वीज मी खाल्लीच न्हाई."

खरं आहे. खाल्ली नाही.
ती नुसती आली, मोटरीत चुंबक होऊन बसली,
उठली, परत गेली.
पण तारा अडवल्या तिनं,
आणि येण्याजाण्याचं भाडं पडतं.

कपॅसिटर इथंच, मोटरीच्या शेजारी लावला
की त्या फेऱ्या खोलीतल्या खोलीत.
इथवर पुस्तक पुरतं.

"मग एकच मोठा बसवू की, स्वस्तात."
बसवा. पण रात्री ड्रम थांबले,
वॉचमनचा दिवा नि पंखा तेवढा उरला,
की तोच उलट्या अंगानं ढकलत राहील.
मीटर तेही मोजतं.
मग बारीक तुकडे? दोन, तीन, पाच, पाच, दहा, पंधरा.
नेमकं जमतं. पण दिवसभर खटक् खटक्,
दोन वर्षांत टोकं जळून चिकटतात.
रिलेला बजावायचं, लगेच धावू नकोस.
किती थांबायचं?
चाळीस सेकंद लिहिले, खोडले, साठ केले.

आणि पल्व्हरायझरवरची ती नवी ड्राइव्ह,
तिच्या लहरींत किरकिर.
मागचे दोन कपॅसिटर पावासारखे फुगलेले
अजून कोपऱ्यात पडून आहेत.
रिअ‍ॅक्टर हवेत. तांबं, वजन, उष्णता,
बावीस हजार.
मगदूम गप्प.
बाहेर ट्रकवर पोती चढतायत.

शेवटी सहाचे चार टप्पे केले : पाच, पाच, दहा, वीस,
दरेकाला रिअ‍ॅक्टर.
गरम होणार म्हणून जाळीला पंखा,
पंखा म्हणजे हळद आत येणार,
येऊ दे, महिन्यातनं एकदा ब्लोअर मारा.

"पण एक करून द्या. पुरा एक."
पॉइंट नऊ आठ, मी म्हणाले.
वरच्या दोनसाठी जे घालाल
ते दोन कधीच परत देणार नाहीत.

दस्तगीरनं मेन पाडला.
मी हात पुढं केला तर त्यानं पक्कड आडवी धरली :
"थांबा. बंद झालंय, रिकामं न्हाई झालं."

साठ सेकंद.
त्याच्या घड्याळाची काच पिवळी.
मगदूम बिलाची घडी घालतात,
उघडतात,
परत घालतात.