हजेरीपत्रक

छेडाभाई म्हणाले, मुलीला अठरा पूर्ण ना?
मग पगारावर घ्या तिला.
महिना पंधरा, वर्षाचे एक ऐंशी.
तिला कर शून्य, आणि तुमचे
सदतीस हजार चारशे चाळीस वाचतात.
कॅल्क्युलेटर माझ्याकडे वळवून दाखवला,
जसा मी गिऱ्हाइकाला शिक्क्याचा ठसा दाखवतो.

फक्त काम खरं हवं.
पगार खात्यातून जायला हवा, हजेरीपत्रक हवं,
उद्या कोणी विचारलं तर.

आणि धाकटा?
तेराचा.
मग नाही. अज्ञान मुलाची कमाई बापाच्याच कमाईत धरतात.
हां, अंगात एखादी कला असेल, तिचे पैसे असतील, तर वेगळं.
आहे का काही?
मी म्हटलं, नाही. साधा मुलगा आहे.

गव्हाणपाड्यात आमच्या दोन खोल्या.
ओट्यावर शेगडी, शेगडीशेजारी जेलचं मशीन,
कुकर आणि टायमर बरोबरच ओरडतात,
पमी आधी कुकर बंद करते, मी टायमर.
रात्री वही काढली. रेघा मारल्या.
नाव : जुईली हरेश्वर वैती.
हुद्दा :
इथे पेन थांबलं.

सहा वर्षांची असताना ती दांडे लावायची,
गोल गोलांत, लांबट लांबटांत.
तो खेळ आहे असं आम्हीच सांगितलं होतं.
दहावीच्या सुट्टीत कॉम्प्युटरवर अक्षरं जुळवायला बसली,
ती उठलीच नाही.
बारावीच्या फिजिक्सच्या आदल्या रात्री
तीन सोसायट्यांचे सेक्रेटरी
तिनेच धुतले, बेसिनमध्ये, जुन्या टूथब्रशने.

रुजू झाल्याची तारीख : एक एप्रिल.
लिहिलं. खोटं नव्हतं,
बारा वर्षं उशिरा होतं.

एप्रिल संपला, पंधरा हजार गेले.
पमी म्हणाली, परत घ्यायचे ना?
समोरचा लिफाफेवाला घेतो,
मुलाचं कार्डच त्याच्या पाकिटात असतं.
मी म्हटलं, बघू.
जेवताना मी बघत होतो तिच्याकडे,
ती आमटीकडे.
एक दिवस. दोन. तीन.

चौथ्या दिवशी शिलाई मशीनच्या झाकणावर,
म्हणजे आमच्या काउंटरवर, एक कागद.
मा. प्रोप्रायटर, वैती स्टॅम्प्स.
विषय : रजेबाबत.
महोदय,
मला दर रविवारी सुट्टी मिळावी.
आजवर मागितली नाही, कारण मी नोकरीला नव्हते.
आपली विश्वासू,
आणि सही, आडनावासकट, खाली रेघ.

पमी हसली.
मग हसायची थांबली.

मी ड्रॉवर उपसला.
'मंजूर' मी पतपेढ्यांना विकलेत, शाळांना,
एका विभाग कार्यालयाला तर डझनाने.
घरात एकही नव्हता.
कधी लागलाच नव्हता.

तेव्हा रात्री बसलो आणि बनवला एक.
टायमर वाजला, बेसिनमध्ये धुतला,
ब्रश जरा जोरातच फिरवला असेन.
तनय पाणी प्यायला उठला होता.
ओली, उलटी अक्षरं ट्यूबखाली धरली.
मला अजून आरसा लागतो, सव्वीस वर्षं झाली तरी.
त्याने नुसतं पाहिलं, जांभई देत,
आणि म्हणाला,
पप्पा, वरचा टिंब गेलाय.
मजूर झालंय.

मी तो तुकडा डब्यात टाकला,
नवीन जेल ओतलं.
झोप जा, म्हटलं त्याला.
छेडाभाईंना हे कळता कामा नये,
की धाकट्याला उलटं वाचता येतं.