आपल्या वजनावर

नवतपाचा तिसरा दिवस, सकाळचे साडेसात.
पारडीच्या नाक्याजवळ हेडाऊ मिस्त्री
माझ्या पिकअपच्या मागच्या फाळक्यावर
दोन्ही हात ठेवून अंगाचा भार देतो
आणि सोडतो.
गाडी वर येते. खाली जाते. वर येते.
पुन्हा खाली.
"मोजून राह्यला का?"
मी मोजत नव्हतो.
"चार. एकदा वर यावं अन् गप व्हावं.
हे तं अजून नाचूनच राह्यली."

मी काच नेतो. गांधीबागेतून बेसा, मनीषनगरकडे,
जिथे फ्लॅट अजून ओले आहेत
आणि खिडक्यांच्या जागी नुसती भोकं.
सिमेंटचे रस्ते झाले तेव्हा वाटलं, सुटलो.
पण सिमेंटला सांधे असतात,
एक ठक विरायच्या आत दुसरी.
मार्चात म्हाळगीनगर चौकात
आठ एमएमची, सहा बाय चार,
लाकडी घोडीवर उभ्या उभ्या गेली.
आवाजही मोठा नाही,
कुणी बशी ठेवावी तेवढा.
मालकानं अडीच हजार कापले, म्हणाला,
पराते, हळू चालवत जा.
मी वीसवर चालवतो.
वीसच्या खाली सायकल असते.

हाऊसिंगखाली जॅक, पुढच्या चाकांना विटा.
डाव्या शॉकपच्या अंगावर तेल, तेलावर धूळ,
धुळीवर पुन्हा तेल,
अठरा वर्षांची साय.
उजवा कोरडा होता. म्हटलं, एकच टाकू.
मिस्त्री हसलाही नाही.
"जोडीनंच बदलाचे, भाऊ.
एक नवा अन् एक थकला,
तं नव्यालेच मार बसते."

खालचा नट निघेना.
पाना, पान्यावर पाइप, पाइपावर अंकुश,
पोरगा सगळा मिळून पंचेचाळीस किलो.
मग डिझेल सोडलं आणि थांबलो.
थांबणं हे काम आहे हे मला पटत नाही,
पण मिस्त्री खिशातला कांदा चाचपत बसून राहिला
आणि नट कर्र करून फिरला,
रुसलेला माणूस शेवटी चहा घेतो तसा.

जुना हातात घेऊन दाबला.
आत गेला. आला नाही.
इतकी वर्षं मी समजत होतो, माल हाच उचलतो.
"माल पाटे उचलते," मिस्त्री म्हणाला,
"हा फक्त उड्या थांबवते."

आमच्या घरात थोरले मामा होते.
कमवायचे नाहीत. माग बंद पडल्यावर तर
नुसते पानाची चंची उघडायचे, बंद करायचे.
भांडण पेटलं की दारात येऊन बसायचे,
बोलायचे काहीच नाही.
सगळे म्हणायचे, यांचा उपयोग काय?
ते गेल्यावर एकेक शब्द
आठ आठ दिवस घरात हलत राहायला लागला.

नवे खोक्यातून निघाले, काळे, कोरे.
"लगेच नोको लावू. उभा धर. दाब, सोड.
आडवा पडून पडून हवा अडकली असते."
पहिल्यांदा दांडा पोकळ गेला.
पाचव्यांदा जड झाला,
आणि परत येताना त्यानं आपला वेळ घेतला.

बुश, वायसर, नट. अंकुश जोर लावणार
तर मिस्त्रीनं पाना धरला.
"आत्ताच नाई. जॅक काढ.
गाडी तिच्या वजनावर उभी राहू दे, मंग आवळ.
हवेत आवळलं तं रबर
जलमभर पिळूनच राहते."

साडेदहाला पाना उन्हानं हातात धरवत नव्हता.
मी फाळका दाबून पाहिला. वर आली. थांबली.
पुन्हा दाबला, उगाच.

संध्याकाळी हुडकेश्वरला एका सलूनचा आरसा होता.
घोडीवर केबिनकडे तोंड करून बांधला,
त्यामुळे माझ्या छोट्या आरशात तो,
आणि त्यात समोरचाच रस्ता,
दोनदा उलटून सुलटा झालेला:
विजेचा खांब, रसवंतीचं चाक,
दुपट्टा बांधलेल्या दोघी स्कूटीवर.
सांधा आला. खांब एकदा वाकला
आणि सरळ झाला.
पुढचा सांधा. तसंच.

मागून ऑटोवाला हॉर्न देऊन राहिला होता.
मी अजून वीसवरच.