छत्तीस

दुपारच्या भोंग्याला अण्णा अजून घड्याळ बघतात.
प्रेसमधून निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली.
जेलरोडच्या या दोन खोल्यांत पंख्याचा तोच आवाज,
भिंतीला तोच पोपटी रंग,
आणि वहिनी विचारते,
"तुमच्याकडे आता थंडी किती असेल हो?"

तुमच्याकडे.
शून्याच्या खाली दोन, मी सांगते.
मग ओघात माझ्याच तोंडून निघतं,
"आपल्याकडे रविवारी सगळं लवकर बंद होतं,"
आणि ताटावरचे हात क्षणभर थांबतात.
बिटको चौकात तर रात्री अकरालाही भेळभत्ता मिळतो.

आइंडहोव्हनच्या सभागृहात आम्ही एकवीस जण होतो.
बाईंनी यादीतून हाक मारली, "फ्रुशाली खायदानी,"
मी उठले.
त्यांच्या भाषेत म्हटलं, वचन देते.
कॉफी होती, नारिंगी केक होता.
घरी येताना पुलावर सायकलची चेन पडली.
चढवली. हात काळे झाले,
ते समारंभाच्या पत्रिकेला पुसले.

दोन महिन्यांनी जुना पासपोर्ट पाकिटातून परत आला,
एक कोपरा कातरलेला,
आत आडवा शिक्का: रद्द.

अण्णा बांधणी खात्यात होते.
असे लाखो हाताखालून गेले असतील.
एकतीस वर्षं गेटवर हात वर करून झडती दिली,
चपला काढून दाखवल्या, डबा उघडून दाखवला,
कागदाचा कपटा कधी बाहेर आणला नाही.
स्वतःचा पासपोर्ट काढला नाही.
"जायचंय कुठं मला? देवळालीला?"

नऊ दिवस तो माझ्या बॅगेतच राहिला, साड्यांच्या खाली.
दहाव्या दिवशी, वहिनी भाजीला गेल्यावर,
त्यांच्या पुढ्यात ठेवला.
सांगायचं ठरवलेलं काहीच सांगितलं नाही.

त्यांनी आधी चष्मा पुसला.
फोटो पाहिला नाही, नाव पाहिलं नाही.
मधलं पान उघडून दोऱ्यावरून नख फिरवलं,
कणा वाकवला,
एक पान कानाशी नेऊन वाजवलं.
"शिवण पक्की आहे."
कातरलेल्या कोपऱ्यावर मात्र अंगठा जरा अडला.

"खराब माल आम्ही फेकत नव्हतो," ते म्हणाले,
"मोजायचा. रजिस्टरला चढवायचा.
चांगल्याइतकाच त्याचा हिशेब.
एक नग कमी भरला
तर गेट उघडत नसे, अख्खी पाळी आत."

मग अंगठा जिभेला लावून मोजायला बसले.
ओठ हलत होते.
कोरी पानंही सोडली नाहीत,
जिथं मी गेलेच नाही त्या गावांची.

"छत्तीस."

मी आणि दादा भांडलो की हेच म्हणायचे,
पाटीवर काढून दाखवायचे:
तीन आणि सहा, एकमेकांकडे पाठ करून,
तरी एकाच घरात.

"भरले," अण्णा म्हणाले,
आणि उठून कपाटात ठेवला,
रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये.
त्या कार्डावरून माझं नाव
लग्नाच्या वर्षीच कमी झालं होतं.