शुक्रवारची वही

शुक्रवारी शेवटच्या तासाला
तोक्तोबूबू एजे वह्या काढायला लावतात :
या आठवड्यात काय शिकलात, लिहा.

सोमवारी शेगडी पेटवायची पाळी माझी होती.
गोवऱ्या ओल्या. वर्गभर धूर.
अपूर्णांक आम्ही खोकत खोकत शिकलो.
तीन चतुर्थांश म्हणजे किती, ते
एजेंनी स्वतःचा नान मोडून दाखवलं;
उरलेला चतकोर एल्दोसनं खाल्ला,
म्हणजे वजाबाकीपण आली.

मंगळवार आठवत नाही.

बुधवारी नद्या. आमची नरीन कुठं जाते
ते नकाशावर बोटानं गिरवलं, पार देशाबाहेर.
खिडकीतून दिसते ती मात्र गोठलेली,
जागच्या जागी.

गुरुवारी हजेरीत ‘जिपारा’ आल्यावर
कुणीच काही बोललं नाही.
ते सगळे मॉस्कोला गेले, बापाच्या कामापाठी.
एजे क्षणभर थांबल्या,
मग पुढचं नाव.
तिच्या बाकावर आता आमच्या टोप्या वाळतात.

हे लिहायचं का वहीत?
शिकवलं तेच शिकलो म्हणायचं,
की नुसतं कळलं, तेही?

मी लिहिलं :
गोवऱ्या आदल्या रात्रीच आत आणून ठेवाव्यात.

एजेंनी खाली लाल शाईनं लिहिलं,
बरोबर.